नाव सोपानरावचं, रात्र कोंडीरामची

मिनल गायसमुद्रेला विष्ठेच्या डब्यांची कधी किळस आली नाही. चाकणच्या कामगारांकडून सकाळी गोळा केलेले डबे बर्फाच्या पेटीत घालून ती दोन बस बदलून ताथवड्याच्या लॅबमध्ये आणायची. शेजारचा प्रवासी विचारायचा, "काय आहे ताई, मासे?" ती म्हणायची, "नाही काका, पीएचडी."

तिचा विषय सिस्टिम्स मेडिसिन. एकेक अवयव सुटा बघायचा नाही. झोप, रक्तातली साखर, संप्रेरकं, आतड्यातले जंतू हे सगळं एकत्र गणितात मांडायचं आणि माणूस नेमका कुठून बिघडतो ते शोधायचं. तिचे वडील अण्णासाहेब तीस वर्षं पिंपरीतल्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. थेरगावच्या घरात ते दिवसा डोक्यावर चादर ओढून झोपायचे आणि लहानगी मिनल आवाज बंद करून टीव्ही बघायची. रात्रपाळी शरीराचं काय करते, हे तिला मोजायचं होतं.

सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने परवानगी दिली, वर थोडा निधीही. एकशे बारा कामगार, अडीच वर्षं. कोण कुठल्या शिफ्टला, ही यादी एचआरने दिली. मी तिच्याच लॅबमधला, आलेख मी काढले. निष्कर्ष आला: रात्रपाळीवाले आणि दिवसपाळीवाले, फारसा फरक नाही. आमचे गाईड डॉ. सुर्वे खूश झाले. कंपनी त्याहून खूश. पेपर छापून आला की मिनल प्रबंध सादर करणार होती.

पडताळणीचे शेवटचे नमुने घ्यायला ती एरवीपेक्षा लवकर, पावणेसातलाच गेटवर पोचली. यादीत फर्स्ट शिफ्टला असलेला कोंडीराम आत जायच्या ऐवजी बाहेर येत होता. डोळे लाल.

"कोंडीरामभाऊ, तुमची शिफ्ट तर आता सुरू होणार ना?"

"माझी संपली की मॅडम. नाईट करून निघालोय."

"यादीत नाईटला सोपानराव आहेत."

"नाव त्यांचं, रात्र माझी. दोन वर्षं झाली."

सोपानराव तेवढ्यात आत शिरत होते. जवळच्या गावातले, घरी चार म्हशी. "व्हय पोरी. पहाटं धारा काढाय लागत्यात. मी रात्री हितं थांबलो तर म्हशी काय सुपरवायझर पिळनार?"

कोंडीराम लातूरकडचा. खोलीत सहा जण, खाटा तीन. त्याच्या वाट्याला खाट दिवसाच यायची. दोघांची सोय झाली. ठेकेदाराचा माणूस यादीप्रमाणे रजिस्टरात खुणा करायचा आणि सुपरवायझरला लायनीवर माणूस लागायचा, कुठला ते तो बघत नव्हता.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही वय इचारलं, तंबाखू इचारली. रात्री कुठं असता, हे कुठं इचारलं?"

घरी अण्णासाहेब आधी हसले. "अगं, आम्हीपण हेच करायचो. मी सहा वर्षं दुसऱ्याच्या नावावर रात्री काढल्या. रजिस्टर साहेबासाठी असतं. कामगाराच्या पोरीला एवढं तरी माहीत असेल असं वाटलं मला."

ती आठवडाभर कॅन्टीनमध्ये बसून एकेकाला विचारत राहिली. एकशे बारापैकी एक्केचाळीस जण दुसऱ्याच्या शिफ्टला होते. मग तिने कोंडीरामचा अहवाल काढला. उपाशीपोटी साखर दोनशे बारा. आणि ती साखर आमच्या तक्त्यात दिवसपाळीच्या रकान्यात होती. रात्रीने आजारी पडलेला माणूस, रात्र निरुपद्रवी आहे याचा पुरावा झाला होता. मिनल उठून बेसिनपाशी गेली आणि ओकली.

सुर्वे सरांच्या टेबलावर कंपनीकडून आलेला सुक्यामेव्याचा डबा होता. काजू खात खातच त्यांनी सगळं ऐकलं.

"याची लेखी नोंद आहे? तोंडी गोष्टी म्हणजे डेटा नव्हे. आणि पेपर तपासणारे काय चाकणला येणारेत?"

"सर, दोनशे बारा. त्या माणसाला आपण अजून कळवलेलंही नाही."

"पेपर निघाल्यावर सगळ्यांना एकदम रिपोर्ट देऊ. आत्ता कुणी नाईटला नको म्हणालं तर कंपनीला काय वाटेल?"

"मग मला तक्रार करावी लागेल."

"कर ना." सरांनी बोटांचं मीठ रुमालाला पुसलं. "चौकशी समिती एक्केचाळीस जणांची नावं मागेल. देशील? दुसऱ्या दिवशी सगळे गेटबाहेर. काजू घे."

त्यांच्या ओठाला काजूचा चुरा चिकटला होता. ती तिकडेच बघत म्हणाली, "माझं नाव काढा पेपरवरून."

"अडीच वर्षं फुकट जातील."

"गेलीत सर. कशी गेली ते तुम्हाला माहीत आहे."

तिचं नाव निघालं. माझं राहिलं. मी खोलीत होतो आणि गप्प होतो. तो पेपर छापून आला, पण मी अजून उघडलेला नाही. त्यावरचं माझं नाव नुसतं दिसलं तरी शिसारी येते.

सरांशी बोलणं झाल्यावर पुढच्याच सोमवारी मिनल अहवाल घेऊन कोंडीरामच्या खोलीवर गेली. त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू केल्या आणि खोलीवर परत आणलं. सोबत नवा फॉर्म होता. नाव नाही, शिफ्ट नाही, नुसता क्रमांक. पहिला प्रश्न, गेल्या चौदा रात्रींपैकी किती रात्री जागे होता? नवा गाईड अजून मिळालेला नव्हता. नमुने पुन्हा एकपासून.

कोंडीरामने अहवालातला साखरेचा आकडा दोनदा वाचला, आणि तो पेपरात कुठल्या रकान्यात गेलाय हे मिनलने सांगितलं. "म्हंजे त्या कागदात मी रात्रीचा झोपणारा माणूस?"

"हो."

"आणि ते वाचून कुणाला तरी नाईट लावणार?"

"लावतील."

तो दारातून बाहेर गटारात थुंकला. मग फॉर्म तिच्याकडे सरकवला.

"लिवा. चौदापैकी बारा. दोन सुट्टीच्या होत्या, त्या रात्रीबी झोप आली न्हाई. ते कुठं लिवायचं?"

फॉर्मवर त्याला जागा नव्हती. मिनलने पेनने नवा रकाना आखला.