सुनेची फिरंगी दुखणी

माझी सून हर्षाली आरशापुढं उभी राहते. डोक्याला हात लावते अन् म्हणते, "तेत." गळ्याला लावते, "गोर्ज." पोटाला लावते, "व्हाँत्र." वर तोंड असं वाकडं करते, जसा खरंच मुरडा आलाय. कानात ती मोबाइलची बोंडं. आता मला सांगा, धडधाकट बाई रोज दुखणी पाठ करत बसंल का?

विचारलं तर उत्तर तयार. "आई, फ्रेंच शिकते. वायनरीत तिकडचे पाहुणे येतात. कुणाला ऊन लागतं, कुणाचं पोट बिघडतं. कुठं दुखतंय ते मला विचारता यायला नको का?" ती नर्स हाय, दिंडोरीकडच्या एका वायनरीत प्रथमोपचाराच्या खोलीत बसते. पटण्यासारखं हाय. पण मी चतुराबाई, सहजासहजी पटवून घेणारी नाय. शेजारची यशोदाबाई तर म्हणली, "सून परदेशी पळायच्या तयारीत हाय, दीपकला सावध कर." माझ्या लेकाला सावध करायला निघाली! तिचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. माझा संशय निराळाच होता.

खरं सांगते. माझ्या डाव्या छातीत गाठ होती. दसऱ्याच्या आधी अंघोळ करताना हाताला लागली, बोराएवढी. कुणाला बोलले नाय. आमच्यात बाई कंबर दुखते म्हणंल, पाय दुखतात म्हणंल, पण त्या जागेचं नाव घ्यायचं नाय. लेकाला कसं सांगू? अन् दवाखान्यात पुरुष डॉक्टर निघाला म्हंजे? त्यात बागेत द्राक्षाचे घड विरळायचं काम, बायकांची सगळी टोळी माझ्या भरवशावर. मांडवाखाली हात वर केला की काखेत ओढ बसायची. तरी दात आवळून कात्री चालवत होते. भीती लय वाटायची.

तर संशय हा, की हिला कळलंय, अन् ही त्या फिरंगी भाषेत फोनवर माझंच कुणाला तरी सांगते. एकदा तिनं छातीवर हात ठेवला, "सँ" म्हणली, अन् आरशातून माझ्याकडं बघितलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! त्या दिवसापासून मी पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागले.

मग एका दुपारी बागेतून आले, तर ही म्हणते, "आई, बसा जरा. तुम्ही पाहुणीबाई व्हा, मी नर्स. मी विचारीन, तुम्ही सांगायचं."

"मला गं काय येतंय?"

"रोज दाराआडून ऐकता की! सगळं पाठ असेल तुमचं."

मेलीनं बरोबर पकडलं. खरंच पाठ होतं.

"ऊ आव्हे-व्हू माल?" म्हंजे कुठं दुखतंय. मी म्हणलं, "तेत." तिनं मान हलवली अन् पुन्हा तेच विचारलं. "व्हाँत्र." मला हसूच यायला लागलं. मग तिनं फोन बाजूला ठेवला अन् तोच सवाल अगदी हळू केला. तवा समजलं, हा काही खेळ नाय. उठून जावं वाटलं. पण तो शब्द जिभेवर येऊन बसला होता. घरात आम्हा दोघींबिगर त्याला कुणी वळखत नव्हतं, म्हणून त्याची लाज वाटंना.

"सँ," मी म्हणलं, अन् रडायलाच लागले.

तिनं दार लोटून घेतलं. "दाखवा," म्हणली. दाखवली.

सकाळी टोळी वाऱ्यावर सोडून आम्ही नाशिकला बाई-डॉक्टरकडं गेलो. बाहेर बाकावर बसलो. मनात भीती होतीच, पण स्वभावाला औषध नाय.

"काय गं, वायनरीत कुणी बाई हे असलं दुखणं घेऊन आली होती कधी?"

"नाही."

"मग तो शब्द कशाला शिकलीस?"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं तशी ती उठली अन् माझा हात धरला.

"दरवर्षी दिवाळीला तुम्ही माझ्याकडून अंगाला तेल लावून घेता, आई. यंदा लावू दिलं नाही."