घरभर मांडलेली सकाळ

माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी चौथीत होती. मुलीच्या लक्षात काही राहत नसे. दोन कामं एकदम सांगितली की दुसरं ऐकता ऐकता पहिलं निसटे, आणि ती आपल्या हातांकडे बघत उभी राही. सिंदेवाहीजवळच्या त्या गावात भाऊजी उजाडायच्या आत तलावावर जाळी काढायला जात आणि मागोमाग बहीण मासळीचं टोपलं घेऊन बाजाराला निघे. तरी मुलगी रोज वेळेवर शाळेत पोचायची. कशी, हे मी बहिणीला कधी विचारलं नव्हतं.

दशक्रियेला रीतीप्रमाणे घर काढलं. बायकांनी सगळं सामान अंगणात आणलं, जुनी मातीची भांडी टाकून दिली, जमीन सारवली आणि उरलेलं जागा मिळेल तिथं आत लावलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेला निघेचना. मी सांगत होते, दात घास, मग आंघोळ, मग वेणी. ती आंघोळ करून आली आणि पुन्हा दात घासायला बसली.

"इच्या डोक्याले झाकणच नाई," चुलीपासून तिची आत्या म्हणाली. "भाऊ, जाऊ दे इले मावशीसंग चंद्रपूरले. उद्या तू तलावावर गेला का इथी कोन पाहीन?"

मुलीनं माझा पदर धरला. "मी नाई येत. माह्यं घर इथी आहे."

"मग एकटीनं शाळेत जाता आलं पाहिजे, बाई."

ती न्हाणीच्या तोंडाशी जाऊन खाली शोधू लागली. मग म्हणाली, "दगड कुठी आहे?"

"कोणता दगड?"

"लोट्याचा."

तो चपटा दगड परसात गोवऱ्यांजवळ सापडला. तिनं तो न्हाणीच्या तोंडाशी ठेवायला लावला, त्यावर लोटा पालथा घातला आणि लोट्याखाली दात घासायचा ब्रश सरकवला. नंतर खुंटी, आरसा, दप्तर. ती बोट दाखवत होती, मी उचलत होते. ती एकदाही अडली नाही. दोन वाक्यं सांभाळता न येणाऱ्या मुलीला अख्ख्या घराची जागा न् जागा ठाऊक होती. मी हळू बोलू लागले, देवळात बोलतात तशी.

पुढच्या सकाळी मी भिंतीला टेकून बसले आणि काहीही सांगायचं नाही असं ठरवलं. तिनं लोटा उचलला, खाली ब्रश. आंघोळ करून खुंटीवरचा टॉवेल ओढला, तर त्याच्याआड गणवेश. गणवेशाच्या खिशात फणी, फणीला गुंडाळलेल्या रिबिनी. आरसा टांगलेला बरोबर दप्तराच्या वर. प्रत्येक वस्तू पुढची वस्तू तिच्या हातात देत होती. माझ्या बहिणीनं सकाळ घरभर मांडून ठेवली होती आणि त्याबद्दल कधी कुणाशी बोलली नव्हती. दहा दिवस मी तिला फोटोत शोधत होते. ती इथं होती, मुलीच्या एक पाऊल पुढे.

उंबऱ्याशी येऊन मुलगी थांबली. तिथं कोंबड्यांसाठी तांदळाच्या कणीचं मडकं असायचं. ते टाकलेल्या भांड्यांबरोबर गेलं होतं. ती रिकाम्या जागेकडे बघत राहिली. आत्या काही बोलणार, तोच भाऊजींनी हात वर करून तिला थांबवलं. मला श्वाससुद्धा मोठा वाटत होता.

मुलीनं दप्तर खाली ठेवलं. आत जाऊन तिनं आईचं मासळीचं टोपलं आणलं, ते उंबऱ्याशी ठेवलं, त्यात कणी ओतली आणि "आता हे," असं स्वतःशीच म्हणाली. मूठभर कणी कोंबड्यांपुढे टाकली. दप्तर पाठीवर घेतलं, बाहेर गेली आणि रोजच्यासारखी बाहेरून कडी लावली.

आम्ही तिघंही आत.

"अवं, आपल्याले कोंडून गेली का ते," आत्या म्हणाली.

"जाऊ दे," भाऊजी म्हणाले. "हाक नको मारू. तिची सकाळ मोडीन."

दाराच्या फटीतून मला तिच्या लाल रिबिनी शाळेच्या वाटेनं जाताना दिसल्या. दुपारी मागच्या दारानं परसात जाऊन कुंपणातून वाकून मी बाहेर पडले आणि चंद्रपूरची बस धरली, एकटीच.