मोरीतलं पाणी

माघ सरत आला होता, सकाळी अजून गारवा होता. देवाजी नळावरून बादल्या भरून आणत होता. पॉवरलूम आल्यावर त्याचा हातमाग बसला, म्हणून चाळिशी उलटल्यावर तो फरशी बसवायचं काम शिकणार होता. शिकवणारे वर्ग दोन होते, एक सीताबर्डीत अन् एक सक्करदऱ्यात. चुकीचा निवडला तर वर्ष वाया जाणार होतं.

"सीताबर्डीवाल्याचा बोर्ड लय मोठा हाये," तो बायकोला म्हणाला.

अंजनाबाई मोरीत भांडी घासत होती. "बोर्डानं फरशी बसते का जी? दोन्हीकडं पाय धुवाले मोरीत जा. पाणी कुठं जाते थे पाहून या."

देवाजी गेला. सीताबर्डीत फरशी आरशासारखी होती, पण पाणी कोपऱ्यात तुंबलं. सक्करदऱ्यातली फरशी साधीच, पाणी मात्र सरळ भोकाकडं गेलं. त्यानं तिथंच नाव घातलं.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं, तशी अंजनाबाई म्हणाली, "मंग आपल्या मोरीत काहून साचते?"

"शिकून तर येऊ दे वं," म्हणत देवाजीनं खराटा उचलला अन् रोजच्यासारखं साचलेलं पाणी भोकाकडं लोटू लागला.