लाल डोऱ्याबाहेरचं घर

टिपणीसकाकांच्या घरासमोर रस्ता ओलांडला की डेअरी होती. इथे परदेशात कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दुधापासून लॉटरीच्या तिकिटापर्यंत सगळं मिळतं. पण काका दूध आणायला रोज सकाळी जाऊन-येऊन पाऊण तास चालायचे, स्टेशनापलीकडच्या सुपरमार्केटात. आमच्या या अप्पर हट गावात थंडीत पाऊस आडवा मारतो, तरीही. मी पडले संशयी बाई. समीर, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की ऑफिसात मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि घरी आल्यावर माणसांमधल्या. त्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात माझ्या डोक्यात आलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. काकू गेल्यावर ते दिल्लीहून लेकीकडे आले ते आमच्या शेजारच्या घरात. वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे जन्म, शाळा, नोकरी सगळं दिल्लीत. मराठी उत्तम, पण मधेच हिंदीची फोडणी. आणि संशयात माझ्या वरताण! पलीकडच्या गोऱ्या आजींनी कुंपणावरून पिशवीभर फिजोआ, पेरूसारखी हिरवी फळं, दिली, तर हे मला विचारतात, "चक्कर काय आहे?" मी म्हटलं, काका, झाडाला ढीगभर आलीत, इथे सगळेच वाटतात. "फुकट कोण देतं, मीनल? काहीतरी असणार." ती फळं दोन दिवस गॅरेजात पडून होती. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर एक खाल्लं आणि मग सगळी संपवली.

शनिवारी आम्ही नदीकाठाने फिरायला जायचो. वाटेत नवीन घरांची वसाहत उभी राहत होती. तिथे काका हमखास थांबायचे, टाच आपटून बघायचे आणि विचारायचे, "इथे आधी काय होतं?" मला काय ठाऊक? मेंढ्या असतील! "असतील नाही. आधी काय होतं ते कळल्याशिवाय जमिनीवर विश्वास ठेवू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि मग दिल्ली सुरू.

"लोक सात दिल्ल्या वसल्या म्हणतात. मोजणाऱ्याने खेडी धरलीच नाहीत," ते म्हणायचे. "इंग्रजांनी राजधानी आणली तेव्हा आधी गावं उठवली, मग रुंद रस्ते काढले. फाळणीनंतर निर्वासितांचे तंबू पडले, तंबूंच्या जागी विटा आल्या, विटांच्या कॉलन्या झाल्या. मग आम्हा बाबू लोकांना घरं हवीत म्हणून सरकारने शेतं घेतली. शेतं गेली, पण गावं राहिली तिथेच, कॉलन्यांच्या मधोमध. भोवती बंगले आणि आत म्हशी. पुढे उड्डाणपूल आले, मेट्रो आली, मॉल आले. गावं आहेतच. का? लाल डोरा!"

डोरा म्हणजे दोरा. गावाच्या नकाशावर वस्तीभोवती लाल शाईची एक रेघ असायची. रेघेच्या आत ते घर, बाहेर ते शेत. आतलं वाचलं, बाहेरचं सरकारजमा झालं. हे सांगताना काकांचं बोट हवेत अशी काही सफाईने रेघ ओढायचं की मला राहवेना. "काका, तुम्ही तर रेल्वेत होतात ना?" बोट खाली आलं. "वाचलंय कुठेतरी," असं म्हणून ते भराभरा पुढे चालायला लागले. खोटं बोलणं त्यांना अजिबात जमत नसे.

डेअरी होती धरमवीरची. पन्नाशीतला, उंच, घसघशीत मिश्यांचा माणूस, तोही दिल्लीचाच. एकदा मी पाव घेताना खोचकपणे विचारलं, आमचे काका तुमच्याकडे का येत नाहीत हो? "पता नहीं, भाभीजी. पहिल्या दिवशी आले, मी विचारलं दिल्लीत कुठे होता, म्हणाले रेल्वेत. मी माझ्या गावाचं नाव सांगितलं, आणि दूध काउंटरवरच ठेवून निघून गेले." गावाचं नाव मी लिहीत नाही, आता तिथे मॉल आहे आणि त्या घरातली माणसं अजून आहेत.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो बोलत राहिला. त्याच्या वडिलांचं आणि चाचाचं घर भिंतीला भिंत लागून होतं. सरकारी नकाशा आला तेव्हा लाल डोरा नेमका त्या दोन घरांच्या मधून गेला. चाचाचं घर आत, यांचं बाहेर. बुलडोझर आला आणि घर गेलं. "जुन्या नकाशात आमचं घर आत होतं. रेघ आपोआप सरकते का? चाचाने पटवारीला, म्हणजे तुमच्या तलाठ्याला, पैसे खिलवले." वडील मरेपर्यंत भावाशी बोलले नाहीत. हाही बोलत नव्हता.

पुढच्या शनिवारी मी हे सगळं काकांना मुद्दाम ऐकवलं, चेहरा बघत. पहिली दोन वाक्यं ते मान खाली घालून ऐकत होते. चाचा म्हटल्यावर थांबलेच.

"चाचाने? चाचाने काय केलं?"

"लाच दिली म्हणे. रेघ सरकवली."

"छे, छे! तलावाकडची दोन घरं ना? अगं, घडीने केलं ते!"

तलाव हा शब्दसुद्धा माझ्या तोंडून निघाला नव्हता. काका नदीकाठच्या बाकावर बसले आणि सांगायला लागले. रेल्वे वगैरे सगळं झूट. ते जमिनीच्या खात्यात नक्शानवीस, म्हणजे नकाशे काढणारे, होते, तेव्हा नुकतेच चिकटलेले. पटवाऱ्याचा नकाशा कापडावर असायचा, वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेला. त्यावरून नवी प्रत काढायचं काम यांचं. "त्या बाजूची शाई पार उडाली होती. घडीत मळ बसून ती तांबूस दिसत होती. मला वाटलं, हीच रेघ. मी लाल शाईने गिरवली. किती सुबक गिरवली म्हणून शाबासकी मिळाली." काही महिन्यांनी ते जागेवर गेले, तर नकाशात शेत दाखवलेल्या जागी घर होतं, आत चूल पेटलेली होती. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, सह्या झाल्यात, राहू दे. "आणि मी राहू दिलं, मीनल."

मला आधी विश्वासच बसला नाही. म्हातारा गोष्ट रचतोय, असंही वाटून गेलं. पण तलावाचं मी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, मग आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्याला. एका भावाने दुसऱ्याला जन्मभर चोर ठरवलंय. ते म्हणाले, "तो काय करेल, सांगता येत नाही." संशय कुठे घ्यावा याची काही हद्द! मी इतकी चिडले की त्यांना बाकावर सोडून घरी आले.

दोन शनिवार काका बाहेर पडले नाहीत. खिडकीचे पडदेही उघडले नाहीत. मी समीरला म्हटलं, हे आता दिल्लीला पळून जाणार, बघ तू. समीर म्हणाला, तुझी जीभ आवर. तिसऱ्या शनिवारी दुपारी दारात काका उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. "चल. एकट्याने जमणार नाही."

धरमवीरने सगळ्या गिऱ्हाइकांना करतो तसा इथला नमस्कार केला, "किया ओरा, अंकलजी." काकांनी काउंटरला दोन्ही हातांनी धरलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: घडी, शाई, चूल, साहेब. तीन पोरं आइस्क्रीम घ्यायला आली, त्यांना धरमवीरने हातानेच बाहेर घालवलं. मला वाटलं, आता हा काउंटर ओलांडून येतो.

"चाचा पिछले साल गुज़र गए," तो म्हणाला. "मी गेलो नाही. फोनही केला नाही." मग अगदी हळू म्हणाला, "तीन साल से आप सामने रहते हैं, अंकलजी."

मला रडू आलं, आणि संतापही आला. तीन वर्षं! रोज पाऊण तास चालण्यात यांनी एका माणसाची जिवंतपणी निर्दोष ठरण्याची संधी घालवली होती. रस्ता ओलांडायला अर्धं मिनिट लागलं असतं.

धरमवीरने वहीतला कागद फाडून पुढे सरकवला. "लिखिए." काकांनी उभ्याने लिहिलं, प्रत्येक अक्षर सुटं आणि सरळ. तोवर त्याने बहिणीला फोन करून चाचीचा नंबर मागवला. दिल्लीत सकाळ होती. पडद्यावर डोक्यावरून ओढणी घेतलेली एक म्हातारी आली आणि म्हणाली, "कौन?"

"सतबीर का धरमवीर, चाची."

तिने फोन ठेवला नाही. धरमवीरने तो काकांसमोर धरला. काका कसेबसे वाचू लागले. "घडी को डोरा समझकर लाल स्याही मैंने फेरी. इसमें और किसी का हाथ नहीं था."

"रुक," चाची म्हणाली.

पडदा हलला. भिंत दिसली, कॅलेंडर दिसलं, कोणाचा तरी पाय दिसला. मग चित्र स्थिर झालं. भिंतीवर पागोटेवाल्या माणसाचा फोटो होता, त्याला हार घातलेला. मागून म्हातारीचा आवाज आला.

"अब पढ़. शुरू से. इनको सुना."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पहिल्यांदा वाचताना त्यांनी वरची ओळ गाळली होती, ते माझ्या आत्ता लक्षात आलं. फोटोकडे बघत त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "मैं, मनोहर टिपणीस, नक्शानवीस..."