मावशींचा डबा आणि चारशे बारा पुस्तकं

ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या मावशींना जावयानं कॉम्प्युटरची स्क्रिप्ट, म्हणजे त्याला द्यायच्या हुकुमांची यादी, लिहायला शिकवलं, आणि तेही अर्धवट. "व्हेरिएबल म्हणजे डबा, आई. पुस्तकांच्या एक्सएमएल फाइलमधल्या हव्या त्या नोंदी शोधायच्या आणि डब्यात भरायच्या." डबा म्हटल्यावर मावशींना आणखी काय सांगायला हवं! डब्यात काढलं ते वेगळं, मूळ फाइल जागच्या जागी सुखरूप. आता जावईबापूंनी सांगायला नको का, की डब्यात नोंदी येतच नाहीत, येतो नुसता त्यांचा पत्ता? डब्यात ढवळाल तर फाइलच ढवळली जाते!

त्या शुक्रवारी मुख्य कार्यालयातले साहेब स्क्रिप्ट बघायला येणार होते. पसंत पडली तर चालू, नाहीतर पुन्हा कार्डं आणि लाकडी कप्पे. स्क्रिप्टमागे मावशींनी दोन वर्षं डोळे फोडले होते.

सकाळी मावशींनी रंगीत तालीम घेतली. तळघरातल्या चारशे बारा पुस्तकांच्या नोंदी डब्यात भरल्या आणि 'जागा' या रकान्यात, चाचणीपुरतं, लिहिलं: 'साहेबांच्या डोक्यात. तिथे भरपूर रिकामी आहे.' चाचणीला असलंच काहीतरी लिहायची त्यांची जुनी खोड. स्क्रिप्टच्या शेवटी फाइल सेव्ह करायची ओळ होती. मूळ फाइलला आपण कुठे हात लावलाय, म्हणून ती राहू दिली. पोटभर हसल्या आणि चहाला गेल्या.

अकराला साहेब आले ते थेट वाचकांच्या कॉम्प्युटरपाशी; तोही त्याच फाइलमधून पुस्तकांची जागा दाखवायचा. तळघरातलं एक पुस्तक शोधलं. 'जागा' वाचली. दुसरं शोधलं. तेही तिथेच!

मावशींनी मागून पडद्यावर डोकावलं. काय झालं ते एका क्षणात उमगलं.

"मशीन बिघडलंय, साहेब," शिपाई मदतीला धावला. "बंदच करून टाकू."

नुसती मान डोलावली असती तरी सुटका होती. पण मशीन बिघडलं म्हटलं की स्क्रिप्टही गेली! ते काही मावशींना सोसेना.

"मशीनला नावं ठेवू नका," त्या म्हणाल्या. "सांगितलं तेच त्यानं केलं. डब्यात लिहिलेलं फाइलमध्ये उतरतं, हे मला ठाऊक नव्हतं. गाढवपणा माझा."

"आणि मजकूर?"

"तोही माझाच."

साहेबांनी चष्मा पुसला. "चारशे बारा नोंदी बदलायला किती वेळ लागला?"

"दोन सेकंद."

साहेबांनी स्क्रिप्टच्या मंजुरीवर सही केली आणि त्याच पेनानं, उद्धट वर्तनाबद्दल, मावशींना मेमो लिहिला. दोन्ही कागद एकदमच हातात पडले. मावशींना इतका आनंद झाला की मंजुरी त्यांनी तीनदा वाचली. मेमो वाचायचं त्यांना सोमवारी आठवलं.