लाल टिकलीचं बटण

प्रत्येकाच्या बेसमेंटमध्ये वायरींचा एक खोका असतो. कुठली वायर कशाची, हे कुणालाच आठवत नाही, पण फेकवतही नाही. आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या चार-पाच मराठी घरांचे किस्से असेच साठत गेले आहेत. एकाचं टोक ओढावं, तर आणखी दोन त्याच्यात अडकून बाहेर येतात. आज हाताला लागलंय ते गजभियेचं होम थिएटर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पण अजूनही आठवलं की मला आधी दिसतात त्या बेसमेंटच्या छताजवळच्या बुटक्या खिडक्या. बाहेरून अर्ध्या बर्फाने झाकलेल्या, आणि खाली दुपारभर नुसता निळसर उजेड. तिथे बसलं की वार कुठला, गाव कुठलं, सगळं विसरायला व्हायचं.

गजभिये हा माझ्या नवऱ्याचा, प्रकाशचा, नागपूरच्या कॉलेजपासूनचा मित्र. आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचा. बायको सुनंदा आणि पाच वर्षांची पूर्वा. हा गडी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, त्यामुळे घरात सोफा यायच्या आधी स्पीकर आले.

*

थिएटर तयार झालं त्या रविवारी आम्ही सगळे बघायला गेलो. माझे सासरे तेव्हा वर्ध्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांना मानाची मधली जागा मिळाली. गजभियेने दिवे घालवले आणि समुद्राची एक लेझरडिस्क लावली.

लाट समोरून आली, डाव्या कानाजवळून सरकत गेली आणि पाठीमागे जाऊन फुटली. मी डोळे मिटले. इलिनॉयमध्ये, शेकडो मैलांवर समुद्र नाही अशा ठिकाणी, मला पायाखालून वाळू सरकल्यासारखी वाटली. फार छान वाटलं, खरं सांगते.

डोळे उघडून बघते तर सासऱ्यांनी दोन्ही पाय सोफ्यावर घेतलेले, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"काका, घाबरलात की काय?" गजभियेने विचारलं.

"घाबरतो कशाला? पँट नवी आहे."

*

कौतुक झालं, पण चालवायचं कसं? टीव्हीचा एक रिमोट, व्हीसीआरचा एक, लेझरडिस्कचा एक आणि आवाजाच्या डब्याचा एक. गजभियेने सात पायऱ्या लिहिलेला कागद भिंतीवर चिकटवला. सुनंदा मला म्हणाली, ताई, माझी एमएस्सी झालीय आणि मी चौथ्या पायरीवर हात टेकते, पोरं काय करणार?

एका शनिवारी पोरांना कार्टून लावून द्यायची जबाबदारी प्रकाशवर आली. प्रकाश सॉफ्टवेअरमधला, त्यामुळे कागद वाचणं त्याला कमीपणाचं वाटलं. मग चाळीस मिनिटं झाली. कागद वाचून झाला, दोनदा वाचून झाला. पोरांनी पत्त्यांचे दोन डाव संपवले. प्रकाश टीव्हीच्या मागे ओणवा होऊन वायरी मोजत होता, तेव्हा पूर्वा शांतपणे त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"काका, प्लग काढलाय. आई व्हॅक्युम करत होती."

*

बुद्धपौर्णिमेची वंदना त्याच बेसमेंटमध्ये व्हायची, कारण सगळ्यात मोठी जागा तीच. सासऱ्यांनी वंदना म्हटली आणि मग पाच मिनिटं शांत बसायला सांगितलं. पोरं पहिल्या रांगेत. आमचा सात वर्षांचा निखिल शांत बसला खरा, पण रिमोटवर.

दोन मिनिटांनी पाठीमागच्या दोन्ही स्पीकरमधून वाघाने डरकाळी फोडली.

गजभिये चारही रिमोट घेऊन धडपडायला लागला. सासऱ्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "राहू दे रे. तोही बसेल."

आवाज कमी झाला, पण वाघ काही बंद झाला नाही. पाच मिनिटं संपेपर्यंत तो आमच्या पाठीशी हळूहळू गुरगुरत फिरत होता. इतकी शांत वंदना आमच्याकडे पुन्हा कधी झाली नाही. एक पोर हललं नाही.

*

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुनंदाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. पूर्वाला त्याच आठवड्यात कांजिण्या आल्या होत्या, त्यामुळे सुनंदा एकटीच नागपूरला निघाली. तीन आठवड्यांत येते म्हणाली. वडील सावरले, पण परत येताना व्हिसाचा एक कागद कमी पडला. मग त्या कागदासाठी दुसरा कागद. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. बर्फ पडायला लागला.

फोनवर पूर्वा बोलायची नाही. रिसीव्हर कानाला लावून नुसती मान हलवायची. तिकडे सुनंदाला वाटायचं लाइन गेली.

शेवटी सुनंदाच्या भावाने लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा आणून तिला पूर्वासाठी गोष्टी सांगायला बसवलं. नागपूरहून कॅसेट आली त्या दुपारी गजभिये ऑफिसातून लवकर आला. मलाही बोलावलं. पडद्यावर तिरक्या पट्ट्या, करडे ठिपके, आणि त्यांच्यामागे सुनंदाचा आकार कसाबसा हलताना. भारतातली कॅसेट इथल्या व्हीसीआरवर चालत नाही, हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं. आनंदात एकालाही आठवलं नाही.

पूर्वा पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघत राहिली.

"बाबा, आईवर स्नो पडतोय."

गजभिये उठला आणि वर निघून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत जाऊन तो दोन्हीकडच्या कॅसेटी चालणारा व्हीसीआर घेऊनच आला.

*

आता रिमोट झाले पाच, आणि भिंतीवरच्या पायऱ्या अकरा. पण आई स्वच्छ दिसायला लागली. प्रत्येक कॅसेटची सुरुवात ठरलेली. सुनंदा आधी कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, भावाकडे बघायची आणि विचारायची, "चालू झालं का?" मग समोर बघून, "हं, पूर्वा." आणि गोष्ट सुरू.

शाळेतून आल्यावर पूर्वा माझ्याकडे असायची. बाबा ट्रेनने शिकागोहून येणार, मग कुकर लावणार, मग खाली येऊन आई लावून देणार. तेवढा वेळ तिला धीर धरवेना. एकदा तिने स्वतःच अकरा पायऱ्या करायचं ठरवलं आणि नेमकं रेकॉर्डचं बटण दाबलं. गजभिये जिन्यावरून धावत येईपर्यंत अर्ध्या मिनिटाची आई पुसली गेली होती. तो रागावला नाही. कॅसेटची कडेची पट्टी मोडून टाकली, म्हणजे पुन्हा तसं होणार नाही, आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला.

त्यानंतर त्या गोष्टीत ससा नदीवर यायचा, मग टीव्हीवरचा टाय घातलेला एक माणूस येऊन उद्या सहा इंच बर्फ पडणार असं सांगायचा, आणि मग ससा घरी जायचा. पूर्वाला त्यात काही वावगं वाटलं नाही. निखिलला ती गोष्ट ती हवामानासकट सांगायची. निखिलने एकदा विचारलं की सशाला उद्याचं कसं कळलं?

"त्याच्याकडे टीव्ही आहे," पूर्वा म्हणाली.

*

गजभियेने मग पाच रिमोटचं काम एकटा करणारा एक मोठा रिमोट आणला. तीन रविवार खपून त्याला सगळ्या पायऱ्या शिकवल्या. एक बटण दाबलं की टीव्ही लागणार, आवाज लागणार, योग्य तो व्हीसीआर निवडला जाणार आणि कॅसेट सुरू होणार. फक्त बटण तीन आकडे म्हणेपर्यंत धरून ठेवायचं. पण बटणं चाळीस, सगळी काळी, आणि पूर्वाला नीट वाचता येत नव्हतं. गजभिये बारीक चिठ्ठ्या कापायला बसला.

मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

मोठी लाल टिकली म्हणजे आई. हिरवी म्हणजे कार्टून. आणि बंद करायला चंद्रकोर, कारण चंद्र आला की टीव्ही झोपतो. पूर्वाला एकदा सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. लाल टिकलीवर बोट ठेवून ती मोठ्याने म्हणायची, "वन, टू, थ्री," आणि अंधारातून आई हळूहळू उजळत यायची. "चालू झालं का?"

"हो," पूर्वा सांगायची.

*

टिकल्यांची टूम सगळ्या घरांत पसरली. रिमोटला टिकल्या, मायक्रोवेव्हला टिकल्या, टेलिफोनला टिकल्या. एकदा प्रकाश आमच्या सोफ्यावर डुलकी काढून तसाच ऑफिसला गेला. दुपारच्या मीटिंगमध्ये सगळे त्याचं फारच लक्ष देऊन ऐकत होते. घरी येऊन खुशीत सांगत होता की आज माझं प्रेझेंटेशन काय रंगलं! गालावर हिरवी टिकली तशीच होती. मी हात लावणार तेवढ्यात निखिल ओरडला, "दाब दाब, कार्टून!"

गजभियेने हे सगळं सुनंदाला पत्रात कळवलं. पुढच्या कॅसेटच्या खोक्यात टिकल्यांची दोन पाकिटं आली. जुन्या निघाल्या तर लावायला. सोबत मला वेगळी चिठ्ठी होती. ताई, टिकल्या पुरवून वापरा, मला उशीर होतोय. आणि खाली एकच ओळ. ती मला ओळखेल ना?

उत्तरात मी लिहिलं, पूर्वाचा एक दात पडला.

*

सुनंदा आली एप्रिलमध्ये. छपरावरचा बर्फ वितळून दिवसभर ठिबकत होता. एअरपोर्टवर पूर्वा बाबांच्या कोटामागून बाहेर आली नाही. गाडीत खिडकीबाहेर बघत बसली. घरी आम्ही सगळे जेवण घेऊन थांबलो होतो. पूर्वा कुणाकडे न बघता जिना उतरून खाली गेली. सुनंदा स्वेटरसुद्धा न काढता तिच्या मागोमाग. तिचा चहा घेऊन मीही उतरले आणि शेवटच्या पायरीवर थांबले.

पडदा काळा होता. पूर्वा सोफ्यावर बसलेली, मांडीवर रिमोट. सुनंदा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मागे गजभिये येऊन उभा राहिला.

पूर्वाने काळ्या पडद्याकडे पाहिलं. मग आईकडे. सुनंदाच्या कपाळावर तशाच पाकिटातली मोठी लाल टिकली होती.

पूर्वाने रिमोट बाजूला ठेवला. हात पुढे केला आणि आईच्या टिकलीवर बोट दाबून धरलं.

"वन," ती म्हणाली. "टू. थ्री."

सुनंदाने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. जरा बाजूला पाहिलं, भाऊ कॅमेरा धरून उभा राहायचा तिकडे.

"चालू झालं का?"

"हो," पूर्वा म्हणाली.