गाडीचं मिसिंग कुणी काढलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सात वर्षांपूर्वीचा, दिवाळीनंतरचा रविवार. टिळकवाडीतलं आमचं अंगण. हजर माणसं तीन — मी, माझी बायको रेखा आणि तिचे वडील. खोटं बोललो मी. ऐकलं त्या दोघांनी.

मी हिशेबनीस आहे. ताळा एका रुपयानं चुकला तरी तो सापडेपर्यंत मी खुर्ची सोडत नाही. आणि तरी ही एका शब्दाची चूक — ती मी तशीच राहू दिली.

त्या आठवड्यात संकेश्वरहून येताना आमची जुनी पेट्रोल गाडी चढावर गचके द्यायला लागली. उभी असली तरी थरथरायची. गॅरेजवाला म्हणाला, मिसिंग आहे. चारपैकी एका सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही. मी म्हटलं, घरीच बघू. चारही प्लग नवे घातले, एअर फिल्टर साफ केला. थरथर होती तशीच.

रेखा दोरीवर कपडे वाळत घालत होती. ओली चादर हातात तशीच धरून ती ऐकत उभी राहिली.

“तीन राबत्यात,” ती म्हणाली. “एक नुसता संगतीला बसलाय.”

वडगावला तिच्या माहेरी चार यंत्रमाग. आप्पा, म्हणजे तिचे वडील, माग दुरुस्त करण्यात नावाजलेले. त्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, पण ही आत भाकरी थापता थापता सांगायची, कुठल्या मागाचा ठोका चुकला. दुरुस्ती मला शिकवा, असं तिनं आप्पांना कितीदा विनवलं होतं. त्यांनी शिकवली मुलाला. पोरीनं पान्याला हात लावायचा नाही. हे सगळं मला ठाऊक होतं — हे आधीच सांगून ठेवतो.

“मग आता काय करू?” मी विचारलं.

“एकेकाला गप करा. ज्याला गप केल्यावर आवाज बदलत न्हाय, त्यो आधीपास्नंच गप हाय.”

गाडी बंद करून मी पहिल्या प्लगची वायर काढली, पुन्हा चालू केली. थरथर वाढली. ती परत लावून दुसरी काढली — वाढली. तिसरी काढली आणि आवाजात काडीचा फरक नाही. रेखा गालात हसली. मग तिनं दुसऱ्या-तिसऱ्याच्या वायरींची अदलाबदल करायला लावली. आता तिसरा चालायला लागला आणि दुसरा गप झाला. म्हणजे दोष वायरीत. उन्हात वाकवून पाहिली, तर रबराला केसाएवढी चीर. जिनं कधी स्टिअरिंग धरलं नाही, तिनं चादरीचं पाणी निथळेपर्यंत दोष पकडला होता — मी तिच्याकडे बघतच राहिलो. नव्या वायरी आणून घातल्यावर गाडी इतकी शांत चालली की बंद पडली की काय, म्हणून मी वाकून पाहिलं.

ती चहा टाकायला आत गेली आणि आप्पा आले. गाडीचं दुखणं त्यांच्या कानावर आधीच गेलेलं होतं. बॉनेट उघडं, माझे हात काळे. ते वाकून चालू इंजिनाचा आवाज ऐकू लागले.

“कुणी काढलं मिसिंग?”

“मी,” मी म्हणालो.

जीभ अडखळलीसुद्धा नाही.

“कान लागतोय त्याला, जावईबापू,” आप्पा म्हणाले. “त्यो शिकवून येत न्हाय.”

रेखा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. माझ्या हातात कप देत म्हणाली, “घ्या, मिस्त्री.” आप्पा मोठ्यानं हसले. ती हसली नाही.

पुढं आप्पा भेटेल त्याला जावयाच्या कानाची गोष्ट सांगायचे. लग्नात, बारशात, माझ्यासमोर, तिच्यासमोर. दर वेळी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. का नाही बोललो? — मला ते कौतुक आवडायचं. दुसरं कारण नाही.

गेल्या वर्षी, त्यांच्या शेवटच्या आठवड्यात, आम्ही दोघं वडगावला त्यांच्या उशाशी बसलो होतो. बोलायला त्यांना धाप लागत होती. रेखाचा हात हातात घेऊन ते म्हणाले, “तुझ्या नवऱ्याचा कान तुला असता न्हवं, तर पोरगी म्हणून बघितलं नसतं. तुलाच शिकवलं असतं बघ.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. पाहत राहिली. मी खिडकीकडं बघितलं.

“व्हय, आप्पा,” ती म्हणाली, आणि त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.